विंचवाचे बिऱ्हाड आणि डोंगराचा इतिहास

ज्याचा पाय एका गावात ठरत नाही, अशा माणसाला आपण 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण लावतो. म्हणीचा पूर्वार्ध अगदी खरा आहे. विंचवी अंडी घालीत नाही. ती जिवंत पिल्ले प्रसवते आणि ती पांढुरकी पिल्ले पहिली कात टाकीपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून असतात. हे दृश्य कोणा जुन्या शेतकऱ्याने दगड उलटताना पाहिले असावे आणि त्यातून ही म्हण जन्मली असावी. परंतु म्हणीतून आपण जो अर्थ काढतो, तो मात्र निसर्गात नेमका उलटा आहे. विंचू हा भटक्या प्राणी नव्हे. ज्या दगडाखाली तो वाढतो, त्याच्याच आसपास त्याचे बहुतेक आयुष्य सरते. त्याला पंख नाहीत. कोळ्याच्या पिल्लाप्रमाणे धाग्यावर तरंगत वाऱ्यावर दूर जाण्याची सोय नाही. पाणी ओलांडण्याची त्याची शक्तीही बेताचीच. त्याच्याइतके घरकोंबडे प्राणी थोडेच असतील.

या घरकोंबडेपणामुळेच विंचू आज जीवशास्त्राच्या अभ्यासकांना मोलाचा वाटू लागला आहे. जो प्राणी सहसा जागा सोडत नाही, त्याच्या शरीरात त्या जागेचा इतिहास साठत जातो. डोंगर केव्हा उभे राहिले, दऱ्या केव्हा पडल्या, अरण्ये केव्हा पसरली आणि केव्हा आटली, याच्या खुणा त्याच्या जनुकांत राहतात. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर या विषयात विशेष रस असावयास हवा. १८०३ सालच्या तहामुळे सुर्जी अंजनगावचे नाव इतिहासाच्या पुस्तकात गेले. पण उत्तरेला दिसणाऱ्या गाविलगडच्या रांगेत त्याहून लाखो वर्षे जुना इतिहास पडलेला आहे, आणि तो वाचण्याच्या साधनांपैकी एक म्हणजे आपण वहाणेने चिरडतो तो 'इचू' होय.

एक अतिप्राचीन कूळ

विंचू हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात, विंचवाला आठ. कोळी, गोचीड यांच्यासह त्याची गणना अष्टपाद वर्गात होते. पुढचे दोन चिमटे, आठ पाय, पोटाखाली कंगव्यासारखी दोन ज्ञानेंद्रिये आणि शेपटीच्या टोकाला विषाची नांगी ही त्याची शरीररचना. श्वसनासाठी त्याला पुस्तकाच्या पानांसारखे पदर असलेली फुप्फुसे असतात. सुमारे त्रेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही विंचवांचे जीवाश्म सापडले आहेत. दगडी कोळसा ज्या युगात तयार झाला, त्या युगात स्कॉटलंडच्या प्रदेशात दोन फुटांहून लांब विंचू होते. पुढे डायनोसॉर आले आणि गेले, सस्तन प्राणी पसरले, अगदी अलीकडे माणूस आला. विंचवाचा मूळ आराखडा मात्र फारसा बदलला नाही.

आराखडा टिकला याचा अर्थ विंचू जेथल्या तेथे थांबला असा नव्हे. आज जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतात शंभराहून अधिक आढळतात. वरून सारखे, आतून वेगळे, असा हा प्रकार आहे. १९०० साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने भारतातील अष्टपादांवर ग्रंथ लिहिला. १९८३ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने टिकादर आणि बस्तवडे यांचा विंचवांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. या दोन्ही ग्रंथांत जाती ओळखण्याची साधने डोळ्यांना दिसणारी होती: चिमट्याची लांबी-रुंदी, अंगावरील कणीदार रेषा, कंगव्याच्या दातांची संख्या. या कामाचे मोल आजही कमी झालेले नाही. पण डोळ्यांना न दिसणारा फरक कसा मोजावा, हा प्रश्न शिल्लक होता. तो सोडविला डी.एन.ए.च्या अभ्यासाने.

डोंगर एकाचे अनेक कसे करतो

आपल्या तालुक्याची रचना डोळ्यांसमोर आणावी. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन. उत्तरेला एकदम उठलेली गाविलगडची भिंत. पायथ्याचे मैदान समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटर उंच, तर चिखलदऱ्याचे पठार सुमारे अकराशे मीटर. थोडक्या अंतरात पाऊस, तापमान, झाडोरा आणि दगड, सारेच बदलते. खडकाच्या फटीत राहणाऱ्या विंचवाला काळ्या मातीचे मैदान म्हणजे समुद्रच; तेथे त्याला ना आडोसा, ना शिकारीची जागा. उलट, उष्ण व कोरड्या जागी राहणाऱ्याला वरचे दमट जंगल परके. म्हणजे डोंगराळ प्रदेश नकाशावर एकसंध दिसला, तरी विंचवाच्या दृष्टीने तो बेटांचा समूह असतो.

अशा दोन बेटांवर एकाच जातीचे विंचू अडकले, तर काय होते? त्यांचा आपसांत संकर थांबतो. प्रत्येक पिढीत जनुकांत सूक्ष्म बदल होतच असतात. त्यांना उत्परिवर्तने म्हणतात. एका दरीतील बदल दुसऱ्या दरीत पोहोचत नाहीत. शिवाय दोन्हीकडची परिस्थिती वेगळी असल्याने निसर्ग दोन्हीकडे निराळी निवड करतो. हजारो पिढ्यांनंतर दोघांमधील अंतर इतके वाढते, की पुन्हा भेट झाली तरी त्यांचे जुळत नाही. तेव्हा एका जातीच्या दोन जाती झाल्या असे आपण म्हणतो.

भाषेच्या विद्यार्थ्यांना हे सांगण्यासाठी दूर जावयास नको. दर बारा कोसांवर बोली बदलते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मूळ मराठी एकच. पण वऱ्हाडात तिने एक वळण घेतले, कोकणात दुसरे, खानदेशात तिसरे. जेथे दळणवळण होते, तेथे बोली एकमेकींत मिसळल्या; जेथे डोंगर आडवा आला, तेथे वेगळेपण टिकले. जनुकांच्या बाबतीतही हाच नियम. फरक एवढाच, की बोली काही पिढ्यांत बदलते, तर जाती बदलावयास सामान्यतः लाखो वर्षे लागतात.

यात हवामानाच्या फेऱ्यांचीही भर पडते. गेल्या सुमारे सव्वीस लाख वर्षांत पृथ्वीवर हिमयुगे आली आणि ओसरली. भारताच्या द्वीपकल्पावर बर्फ पसरला नाही. परंतु पाऊसमान कमीजास्त होत राहिले. कोरडा काळ आला, की दमट अरण्य आक्रसून डोंगरमाथ्यावर आणि ओढ्याकाठच्या खोलवट दऱ्यांत उरे. ओला काळ आला, की ते पुन्हा खाली पसरे. अरण्याबरोबर त्यातील प्राणीही कधी तुटत, कधी जुळत. डोंगर हा असा एकाच वेळी आश्रयस्थान आणि कोंडवाडा असतो.

आईकडून आलेली अक्षरे

डी.एन.ए. ही चार अक्षरांची लिपी आहे असे समजावे. पेशीच्या केंद्रकाबाहेर मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म कण असतात. त्यांचा स्वतःचा थोडा डी.एन.ए. असतो आणि तो सामान्यतः केवळ आईकडून अपत्याला मिळतो. जात्यावरच्या ओव्या जशा आईकडून लेकीकडे जातात, आणि जाता जाता एखादा शब्द बदलतो, तसेच येथे घडते. दोन गावांतील ओव्या शेजारी ठेवून त्यांचे मूळ एक होते की नाही, कोणता शब्द आधीचा आणि कोणता नंतरचा, हे जाणकार सांगू शकतो. संशोधक अक्षरांच्या फरकांवरून विंचवांची वंशावळ याच रीतीने मांडतात. बदल साधारण कोणत्या गतीने होतात हे जीवाश्मांच्या आधारे ठरविले, तर दोन शाखा केव्हा फुटल्या याचाही अंदाज बांधता येतो.

महाराष्ट्रातील लाल विंचवावर असे काम झाले आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन फॅब्रिशियस यांनी १७९८ साली केले. ती आधी बुथस, मग मेसोबुथस आणि २००७ पासून हॉटेन्टोटा या वंशात गणली जाते. तिचे आजचे नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. डी. बी. बस्तवडे, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' या नियतकालिकात या विंचवाच्या आठ ठिकाणच्या समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायटोकाँड्रियातील एकाच जनुकाचा तुकडा त्यांनी तपासला. त्या एका तुकड्याचे बावीस वेगवेगळे पाठ निघाले. नमुन्यातील कोणतेही दोन विंचू उचलले, तर त्यांचे पाठ वेगळे असण्याची शक्यता दहांत नऊहून अधिक होती. ज्याला आपण एकच नाव देतो, त्या लाल विंचवात एवढी विविधता दडलेली आहे.

परदेशातील अनुभवही असाच आहे. युरोपात अल्प्स पर्वतातील लहान काळ्या विंचवांना पूर्वी थोड्याच जातींत बसविले जाई. डी.एन.ए. तपासल्यावर दरीदरीगणिक वेगळ्या शाखा दिसू लागल्या आणि २०१९ साली या डोंगरी विंचवांचा 'अल्पिस्कॉर्पियस' हा स्वतंत्र वंश मानला गेला. पर्वताचे नावच वंशाला लागले.

दख्खनची नौका

आपल्याकडेही तसेच झाले आहे. काळ्या-निळसर रंगाचा, जाड चिमट्यांचा, कधीकधी वीतभर वाढणारा मोठा विंचू आपण 'इंगळी' म्हणून ओळखतो. या अरण्यविंचवांना दीर्घकाळ हेटेरोमेट्रस या एकाच वंशात घालीत. २०२० साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेतील लॉरेन्झो प्रेंडिनी आणि स्टेफनी लोरिया यांनी त्यांची नव्याने मांडणी केली आणि अनेक वंश वेगळे काढले. त्यांतील दोन नावे मराठी वाचकाला आपलीशी वाटतील: 'डेक्कनोमेट्रस' आणि 'सह्याद्रिमेट्रस'.

नावांपेक्षा त्यामागील इतिहास अधिक रंजक आहे. भारताचा भूखंड पूर्वी आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका यांना जोडलेल्या गोंडवन महाखंडाचा भाग होता. तो तुटून उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. त्या धडकेतून हिमालय उभा राहिला. लोरिया आणि प्रेंडिनी यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की अरण्यविंचवांचे पूर्वज या भारतीय भूखंडावरचेच. नौकेतून यावे तसे ते त्याच्याबरोबर आले आणि पुढे येथून एकदा नव्हे, तीन वेळा आग्नेय आशियात पसरले. मलाया आणि इंडोनेशियाच्या जंगलातील काळा विंचू हा अशा रीतीने आपल्या इंगळीचा दूरचा नातेवाईक ठरतो.

या प्रवासात एक मोठे संकटही आले. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूपृष्ठाला भेगा पडून लाव्ह्याचे लोट वाहिले आणि थरावर थर साचले. आजचा महाराष्ट्राचा काळा पाषाण तो हाच. गाविलगड आणि नरनाळा यांचे तटबुरूजही याच दगडाच्या डोंगरांवर उभे आहेत. त्या लाव्ह्याखाली जमिनीवरचे जीवन गाडले गेले. म्हणजे आज आपल्या काळ्या खडकावर राहणाऱ्या विंचवांचे पूर्वज लाव्ह्याच्या कडेच्या, वाचलेल्या प्रदेशांतून, खडक थंड झाल्यावर आणि त्यावर माती धरल्यावर येथे आले असले पाहिजेत. हे येणे कोणत्या दिशेने झाले, हा प्रश्न आपल्याला सातपुड्यापाशी आणून सोडतो.

सातपुड्याचा प्रश्न

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे एकेकाळचे संचालक सुंदरलाल होरा हे माशांचे मोठे अभ्यासक होते. पूर्व हिमालय आणि मलाया येथील डोंगरी ओढ्यांतील माशांचे भाऊबंद एकदम सह्याद्रीत आढळतात, मधल्या प्रदेशात मात्र नाहीत, हे त्यांना कोडे वाटले. १९४० च्या दशकात त्यांनी उत्तर सुचविले: एके काळी सातपुडा-विंध्याची रांग अधिक ओली व सलग होती आणि त्या वाटेने हे प्राणी पूर्वेकडून सह्याद्रीत उतरले. हाच 'सातपुडा सिद्धान्त' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले.

विंचवांतही असेच एक कोडे आहे. स्कॉर्पिऑप्स नावाच्या गटातील चपटे, फटीत राहणारे विंचू प्रामुख्याने हिमालय आणि आग्नेय आशियात सापडतात. त्यांचेच भाऊबंद साताऱ्याच्या डोंगरांत आणि उत्तर सह्याद्रीच्या पट्ट्यात आहेत. त्यांना पूर्वी नियोस्कॉर्पिऑप्स असे वेगळे वंशनाम दिले होते; अलीकडे काही संशोधक त्यांना पुन्हा मूळ वंशातच धरतात. हिमालय आणि सह्याद्री यांच्या मध्ये शेकडो कोसांचे अंतर. मग हे इतके दूर कसे?

दोन उत्तरे संभवतात. एक, ते सातपुड्याच्या वाटेने चालत आले. दुसरे, ते पूर्वी सर्वत्र होते आणि मधला प्रदेश कोरडा झाल्यावर तेथून नाहीसे झाले. दोन टोकांना उरले ते आज आपल्याला दिसतात. डोळ्यांनी पाहून यांतील एक निवडता येत नाही. जनुकांनी मात्र परीक्षा घेता येते. सह्याद्रीतील शाखा हिमालयातील शाखेतून अलीकडे फुटलेली दिसली, तर स्थलांतराला बळ मिळते. दोन्ही शाखा फार पूर्वीच वेगळ्या होऊन आपापल्या जागी समृद्ध झालेल्या दिसल्या, तर तुटीच्या कल्पनेला. सातपुडा ही या कोड्यातली मधली वाट. म्हणून मेळघाटातील एखाद्या दरीत दगडाखाली कोणता विंचू आहे, ही बाब केवळ स्थानिक कुतूहलाची राहत नाही.

विष एक नाही

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, 'यातून शेतकऱ्याला काय?' या प्रश्नाचे उत्तर रोकडे आहे.

आपल्याकडे लोक मोठ्या काळ्या विंचवाला अधिक भितात. प्रत्यक्षात जाड चिमट्यांचा विंचू बहुधा चिमट्यांच्या बळावर शिकार करतो. बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा विंचू विषावर विसंबतो. जेमतेम बोटाएवढा लाल विंचू यांतला दुसरा. त्याच्या विषाने मज्जातंतू अनावर चेतविले जातात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. दरदरून घाम, ओकारी, हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे होत. लहान मुलांत ती विशेष घातक ठरतात.

या विषावरील उपचाराचा मार्ग महाराष्ट्रातच सापडला. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपून १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध या रुग्णांना वाचविते, हे त्यांनी दाखविले. १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण या उपचाराने शेकडा एकाच्या आसपास आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविषही तयार केले. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, हे बावस्कर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिसून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता वरील विवेचनाशी याचा संबंध पाहू. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातील आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरील लाल विंचवांच्या विषांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. जात एकच, पण विषातील घटक प्रदेशागणिक वेगळे निघाले. प्रतिविष हे विशिष्ट विषावर तयार केलेले असते. कुलूप बदलले, तर किल्ली तितकीच चपखल बसेल असे धरून चालता येत नाही. म्हणून कोणत्या भागात विंचवाची कोणती शाखा राहते हे ठाऊक असणे ही चैनीची विद्या नसून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचणारी विद्या आहे. कोकणातील विंचवाच्या ज्ञानावर वऱ्हाडातील मुलाचा जीव किती विसंबून ठेवावा, हा या विषयाचा गाभा आहे.

आपल्या हातचे काम

विंचू शोधावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अतिनील प्रकाशाची साधी बॅटरी घेऊन अंधाऱ्या रात्री माळावर गेल्यास विंचू हिरव्या-निळ्या तेजाने चमकतो. त्याच्या कवचातील द्रव्यांचा तो गुण आहे. पायात बूट असावेत, सोबत जाणते माणूस असावे आणि विंचवाला हात लावू नये. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तेथे पाऊल ठेवू नये. पण गावाभोवतालचा खडकाळ माळ, नदीची दरड, पानमळ्याचा बांध ही क्षेत्रे कमी नाहीत. छायाचित्र, तारीख, जागा, उंची आणि दगडमातीचा प्रकार एवढी नोंद नीट ठेवली, तरी पुढे जनुकांचा अभ्यास करणाऱ्याला ती दिशा देते. मराठीचा विद्यार्थी त्याच वेळी गावोगावची विंचवांची नावे आणि समजुतीही टिपू शकेल. कोणत्या गावी विंचू किती प्रकारचे मानतात, हे त्यावरून कळेल.

दंश झाल्यास मात्र संशोधन बाजूला ठेवावे. मंत्र, पाला, चीर देणे यांत वेळ घालवू नये. रुग्णाला धीर देऊन तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. उतारा पडला असे जेव्हा वाटते, तेव्हा पुष्कळदा विंचूच सौम्य जातीचा असतो. कोणता विंचू सौम्य आणि कोणता जीवघेणा, हे न कळल्यामुळेच मांत्रिकाची प्रतिष्ठा टिकली आहे.

एकनाथमहाराजांनी आपल्या भारुडात विंचवाला माणसाच्या मनातील विकारांचे रूप दिले. दंशाची वेदना त्यांना आणि त्यांच्या श्रोत्यांना पुरती ठाऊक होती. चारशेहून अधिक वर्षांनंतर आपल्या हाती त्या प्राण्याची वंशावळ वाचण्याची लिपी आली आहे. दगडाच्या खाणी आणि सपाटीकरण यांमुळे माळावरचे खडक वेगाने नाहीसे होत आहेत, आणि खडकाबरोबर त्याखालचे कूळही जाते. जो प्राणी आपले घर सोडून जाऊ शकत नाही, त्याचे घर गेले की त्याचा इतिहासही जातो. तो जाण्याआधी वाचून घेतला पाहिजे. आपल्या वाट्याची पाने गाविलगडच्या पायथ्याशी, आपल्याच शिवारात आहेत.